पितळी वाट्यांचा शौक

माणसाला कसला शौक असावा याचा काही कायदा नाही. कुणी पोस्टाची तिकिटे जमवतो, कुणी आगपेटीवरची चित्रे. निजामाच्या राजवटीतले हाली शिक्के जपून ठेवणारी माणसे तर मराठवाड्यात गावोगाव सापडतात. पाहुणे आले की पुरचुंडी सुटते, शिक्के हातोहात फिरतात, आजोबांच्या जमीनजुमल्याच्या गोष्टी निघतात. आम्ही बँडच्या बाज्यांचे जुने माऊथपीस जमवतो. हे ऐकल्यावर समोरचा आधी हसतो आणि मग विचारतो, "म्हणजे ते फुंकायचे टोक?" होय, तेच टोक. आमचे घरही त्याला फार वेगळे समजत नाही. आमच्या बेगमसाहेबांनी बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा या कामासाठी दिला, तोही झाकण नीट बसत नव्हते म्हणून.

(घरात आम्ही उर्दू बोलतो. बोलीत स्वतःला 'हम' म्हणायची सवय, म्हणून मराठी लिहितानाही 'आम्ही' येते. त्यात मोठेपणाचा काही भाग नाही, एवढे वाचकांनी समजून घ्यावे.)

ट्रंपेट असो, कॉर्नेट असो की युफोनियम, पितळी बाज्याचा एवढाच भाग वाजवणाऱ्याच्या ओठाला लागतो. वर छोटी वाटी, वाटीला गोल कड, तळाशी बारीक छिद्र आणि खाली बाज्याच्या नळीत बसणारी दांडी. ट्रंपेटच्या वाटीचा आतला व्यास १६ ते १७ मिलिमीटरच्या आसपास भरतो, युफोनियमचा २५ च्या. वजन शंभरेक ग्रॅम. बाजा आपण होऊन वाजत नाही. थरथरतात ते ओठ, आणि नळी त्या थरथरीतून सूर निवडून मोठा करते. वाटी उथळ असली तर आवाज टोकदार आणि झळाळता येतो, खोल असली तर जाड आणि मऊ. कड रुंद असली तर ओठ लवकर थकत नाही, अरुंद असली तर सूर चटकन बदलता येतो. एकाला सोसते ते दुसऱ्याला सोसत नाही. चष्म्याचेच उदाहरण घ्या ना, दुसऱ्याचा चष्मा लावून कुणाला वाचता येते?

आमच्याकडे पहिला नग आला तो बी.एड.च्या वर्षात. तेव्हाच्या औरंगाबादेत, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात, छावणीच्या आठवडी बाजारात जुन्या लोखंडाच्या ढिगात तो पडला होता. विकणारा म्हणाला, हुक्क्याची मुंहनाल आहे, नवाबी माल आहे. नवाबी माल तीस रुपयांत मिळाला. पाठ टाचणाच्या कागदांवर वजन म्हणून तो वर्षभर आमच्या टेबलावर राहिला. दांडीवर 'बूझी अँड हॉक्स, लंडन' असे बारीक कोरलेले होते. लंडनच्या बूझी आणि हॉक्स या दोन वेगवेगळ्या कंपन्या. १९३० साली त्या एक झाल्या. त्यामुळे दोन्ही नावे एकत्र असलेला नग १९३० नंतरचाच असणार, हे पुढे कळले. नुसत्या 'बेसन' किंवा 'हॉक्स अँड सन' अशा शिक्क्याचा नग त्याआधीचा असू शकतो. काही नगांवर बाणाचे छोटे निशाण असते. ती इंग्रज सरकारच्या मालाची खूण. असा नग हातात आला की तो कुठल्यातरी पलटणीच्या कोठारातून बाहेर पडलेला आहे असे समजावे.

पलटणीचा संबंध आमच्या भागाला दूरचा नाही. हिंगोली ही हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती. १९०३ साली ते सैन्य वेगळे असे राहिले नाही आणि छावणीही संपली. छावणी म्हटली की पहाटेपासून रात्रीपर्यंत बिगुल आला. सैन्य गेले तरी पितळ फुंकायची विद्या गेली नाही, ती देशभर लग्नांच्या वरातीत शिरली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शहराशहरांत खासगी बँड उभे राहिले आणि त्यांत वाजवायला जी माणसे आली त्यांत आमच्या समाजातली पुष्कळ होती. ऑकलंड विद्यापीठाचे ग्रेगरी बूथ यांनी हिंदुस्थानातल्या बँडवाल्यांवर 'ब्रास बाजा' नावाचा इंग्रजी ग्रंथ लिहिला, तो २००५ साली निघाला. मुसलमान आणि दलित यांच्या खांद्यावर हा धंदा कसा उभा आहे हे त्यात सविस्तर आले आहे. आपल्या लोकांवर एवढे लिहायला न्यूझीलंडहून माणूस यावा लागला. असो.

बाजे घडवण्याचे काम मेरठला. तिथल्या जली कोठीत हा सगळा व्यवसाय एकवटलेला आहे. नादिर अली अँड कंपनी १८८५ सालची. नादिर अली स्वतः लष्करी बँडमधले. आधी विलायती बाजे मागवून विकले आणि मग विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इथेच घडवायला लागले. आमच्या डब्यातले निम्म्याहून अधिक नग मेरठचे आहेत. जमवणाऱ्यांच्या जगात त्यांना किंमत नाही. त्यांची चांदीची झिलई पातळ, कडेवर कानशीचे ओरखडे दिसतात, दोन नग सारखे भरत नाहीत. पण लग्नसराईच्या ऐन उन्हात चार-चार तास जे पितळ ओठाला लागले ते हेच. आम्ही त्यांना वरच्या कप्प्यात ठेवतो.

अमेरिकेत या शौकाला फार मान आहे म्हणतात. तिकडच्या दोन गोष्टी सांगण्यासारख्या आहेत. एल्कहार्ट गावचा चार्ल्स कॉन हा किराणा आणि बेकरी चालवणारा, कॉर्नेट वाजवणारा माणूस. मारामारीत त्याचा ओठ फाटला. फाटल्या ओठाला पितळ सोसेना म्हणून त्याने कडेला रबर बसवले, १८७५ साली त्याचे पेटंट घेतले आणि त्यातून पुढे बाज्यांचा मोठा कारखाना उभा राहिला. दुसरा व्हिन्सेंट बाख, ऑस्ट्रियातून अमेरिकेत गेलेला इंजिनियर आणि ट्रंपेटवादक. त्याचा आवडता माऊथपीस दुरुस्तीला दिला तो कारागिराने बिघडवून ठेवला. तेव्हा बाखने स्वतःच लेथ धरली आणि १९१८ पासून न्यूयॉर्कमध्ये माऊथपीस बनवायला लागला. आज जगभर जे आकडे चालतात ते त्याचे. आकडा जितका लहान तितकी वाटी रुंद, आणि पुढचे अक्षर खोली सांगते. १९५३ नंतर दहा-अकरा वर्षे त्याचा कारखाना माउंट व्हर्नन गावी होता, तिथला शिक्का असलेल्या नगासाठी लोक आजही वाटेल ती रक्कम मोजतात. आमच्याकडे तसा एकही नाही, आणि येण्याची शक्यताही नाही. सेनगावच्या भंगारवाल्याकडे माउंट व्हर्नन कुठून येणार?

तिकडे एक रिवाज मात्र आम्हांला खटकतो. नग जितका कमी वापरलेला, तितका तो मोलाचा. कडेवरची चांदी शाबूत पाहिजे, दांडीला पोचा नको. आम्ही उलटे करतो. झिजलेला नग आम्ही आधी उचलतो. वाजवणारा ओठाच्या जरा डावीकडे धरत असेल तर कड डावीकडेच झिजते आणि चांदी जाऊन खालचे पिवळे पितळ उघडे पडते. ते उघडे पितळ ओठाला लागून पुरळ येते, तोंडाला कडवट चव येते, म्हणून बँडवाले आपापली युक्ती करतात. आमच्या संग्रहातल्या एका नगाच्या कडेला चक्क कल्हई केलेली आहे, भांड्याला करतात तशी. नवसागर लावून, कथील फिरवून. ज्या कुणी केली त्याने घरच्या पातेल्यांबरोबर आपले तोंडही कल्हईवाल्याच्या भट्टीत घातले असेल. दुसऱ्या एका नगाच्या दांडीवर खिळ्याने कोरलेला उर्दूतला 'शीन' आहे, वर तीन नुक्ते. शेख असेल, शब्बीर असेल, शाहिद असेल. मेरठच्या कंपनीचे नाव ठळक, शहराचे नाव ठळक आणि वाजवणाऱ्याचे एक अक्षर, तेही खिळ्याने.

नावे राहिली नाहीत असे नाही. हळदोण्याचे अँतोनियो झेवियर वाझ ऊर्फ चिक चॉकलेट यांचे ट्रंपेट १९५१ च्या 'अलबेला'च्या निमित्ताने आजही सांगितले जाते. पुण्याच्या विसर्जन मिरवणुकीतल्या प्रभात आणि दरबार या बँडांची नावे लोकांना पाठ आहेत. पण रिसोड, जिंतूर, वाशिम, परभणी या पट्ट्यात गुढीपाडव्यापासून मृगापर्यंत वराती वाजवत फिरलेल्या माणसांचे नाव कुठे आहे? म्हणून आम्ही एक वही ठेवली. नग क्रमांक, शिक्का, कुठे मिळाला, कुणी वाजवला, कोणती गाणी वाजवायचा. गाण्यांचा रकाना सगळ्यांत लवकर भरतो. १९५४ च्या 'नागिन'मधली बीन प्रत्येकाच्या नावासमोर आहे. मूळ चित्रपटात ती बीन क्लॅव्हिओलिन नावाच्या वाद्यावर कल्याणजींनी वाजवली होती, हे सांगितले की बँडवाले आमच्याकडे अविश्वासाने पाहतात. मास्टर लोकांना पुस्तकातले फार कळते, असे ते बघणे असते.

नग मिळवायला फार हिंडावे लागत नाही, पण वेळेवर पोचावे लागते. पितळ किलोवर जाते. तीन-चारशे रुपये किलोचा भाव धरला तर एका माऊथपीसचे तीस-चाळीस रुपये होतात आणि तेवढ्यासाठी तो भट्टीत जातो. आम्ही भंगारापेक्षा जास्त देतो, आणि शिक्का चांगला असेल तर बाहेर याला किती मिळू शकतात तेही विकणाऱ्याला आधी सांगतो. त्यावर आमच्या एका सहकाऱ्याचे म्हणणे असे की मग तुम्ही धंदा कसा करणार. धंदा करायचा कुणाला आहे?

२०२० च्या मार्चअखेर टाळेबंदी लागली ती नेमकी लग्नसराईच्या तोंडावर. एक सीझन गेला, पुढच्या वर्षी दुसरी लाट आली, दुसराही गेला. आधीच डीजेने बँडचे पोट मारले होते, त्यात ही भर. आमच्या ओळखीच्या एका बँडमालकाने तेव्हा चौदा बाजे वजनावर विकले. आम्ही निरोप मिळून पोचलो तोवर टेंपो निघून गेला होता. मालकाच्या ओट्यावर तांबड्या वर्दीचा ढीग पडला होता, खांद्यावरच्या सोनेरी झालरी उंदरांनी कुरतडलेल्या.

त्या बँडमध्ये चाळीस वर्षे कॉर्नेट वाजवलेले एक चाचा आमच्या तालुक्यातल्याच एका खेड्यात राहतात. आम्ही त्यांच्याकडे गेलो ते अफसोस करायला. म्हटले, "चाचा, तुमचा बाजाही गेला." चाचांनी बंडीच्या खिशात हात घातला आणि माऊथपीस काढून खाटेवर ठेवला. "बाजा सेठ का था मास्टरसाब, गया. मुँह तो हमारा था."

एवढ्या वर्षांत हे आमच्या ध्यानात आले नव्हते. बँडमध्ये बाजा मालकाचा, वर्दी मालकाची, टोपीसुद्धा मालकाची. रात्री सगळे जमा करून मजुरी घ्यायची आणि घरी जायचे. माऊथपीस मात्र ज्याचा त्याने खिशात घालून न्यायचा, कारण दुसऱ्याचे उष्टे कुणी तोंडाला लावत नाही आणि दुसऱ्याच्या वाटीत आपला सूरही लागत नाही. एवढ्या मोठ्या वाजतगाजत चाललेल्या थाटात वाजवणाऱ्याच्या मालकीचे शंभर ग्रॅम पितळ.

चाचांचे वरचे दोन दात पडले आणि वाजवणे थांबले. वरच्या दातांचा आधार गेला की ओठ कडेवर टिकत नाही. हिंगोलीच्या दसऱ्याच्या गर्दीत वाजवलेले, उरुसाच्या संदलमागे वाजवलेले, गणपतीपुढे वाजवलेले ते सांगत होते. आरत्यांच्या चाली त्यांना जितक्या येतात तितक्या आमच्या शाळेशेजारच्या देवळातल्या पुजाऱ्यांनाही येत नसतील. पण बोलता बोलता एक गोष्ट त्यांनी सांगितली ती आमच्याविषयी होती, म्हणजे आपल्याविषयी. आपल्याच मोहल्ल्यातल्या निकाहला बँड लावायचा तर सगळे त्यांच्याकडे यायचे, पण दस्तरखानवर त्यांना शेवटी बसवायचे. मुलासाठी सोयरीक पाहायला गेले तर "बाजेवाले का घर है" म्हणून चहा पिऊन परत. मौसिकी जायज की नाजायज हा मसला आलिमांचा, त्यात आम्ही पडत नाही. पण वाजवून घेणाऱ्याला तो प्रश्न कधी पडत नाही, वाजवणाऱ्याच्या लेकरालाच पडतो, हे कोणत्या हिशेबात बसते ते आम्हांला अजून कळलेले नाही.

चाचांनी तो नग आम्हांला दिला. कॉर्नेटचा, बेसनचा, जुना, कड डावीकडे पार झिजलेली. पैसे घेतले नाहीत. एकच अट घातली, "मेरे पोते कू मत देना. वो पढ़ रा है." वहीत त्याचा क्रमांक ४१ पडला.

त्यांचा नातू आमच्याच शाळेत आहे हे तेव्हा आम्हांला माहीत होते, पण त्याच्या अंगात काय आहे ते माहीत नव्हते. ते कळले आठवीच्या विज्ञानाच्या तासाला. ध्वनीचा पाठ होता. कंपनाशिवाय ध्वनी नाही हे फळ्यावर लिहून मुलांच्या डोक्यात जात नाही, म्हणून आम्ही मेरठचा एक साधा नग साबणाने धुऊन नेला, त्याला दीड हात पाण्याचा पाइप जोडला आणि पाइपाच्या दुसऱ्या टोकाला रॉकेलचे नसराळे बसवले. मुलांना म्हटले, वाजवा. प्रत्येक जण फुंकर मारत होता आणि पाइपातून नुसती हवा जात होती. वर्ग हसून लोळत होता. हा पोरगा पुढे आला, ओठ आवळले, आणि सरळ सूर निघाला. मग ओठ आणखी आवळून त्याच पाइपातून त्याने वरचा दुसरा सूर काढला. आम्ही विचारले, कुठे शिकलास? तो खाली पाहत राहिला. मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणाले, "बाजेवाला!"

सूर इतका स्वच्छ होता की शेजारच्या वर्गातले गुरुजी दारात येऊन उभे राहिले होते. आणि ज्याने काढला तो मान वर करत नव्हता.

दुसऱ्या दिवशी एका पालकाने तक्रार केली की शाळेत बाजा शिकवतात. मुख्याध्यापकांसमोर आम्ही बालभारतीचे पुस्तक उघडून पाठ दाखवला, विषय मिटला. त्यानंतरच्या दोन्ही वर्षी ध्वनीच्या पाठाला आम्ही पाइप आणि नसराळे नेले, आणि यंदाही नेणार आहोत.

पोरगा दहावी झाला, हिंगोलीला आयटीआयला लागला. गेल्या लग्नसराईत तो रिसोडकडच्या एका बँडबरोबर सुट्टीच्या दिवशी जाऊ लागला. वरातीला शंभर-दोनशे मिळतात, येण्याजाण्याचा खर्च निघतो. एके रविवारी घरी आला आणि दाराशीच उभा राहून म्हणाला, "सर, दादाचा पीस द्याल का? मालकाने दिलेल्यात ओठ कापतो."

आम्ही त्याला आत बसवले, चहा दिला आणि नग दिला नाही. शब्द चाचांना दिलेला होता, तो त्याच्या म्हणण्यावर कसा मोडायचा? आम्ही डब्यातून ४१ क्रमांक काढला, खिशात टाकला आणि पोराला मोटारसायकलवर मागे बसवून त्याच्या गावी गेलो.

चाचा खाटेवर होते. सगळे ऐकून घेतले. बराच वेळ बोलले नाहीत. आम्ही सांगायचे म्हणून सांगितले की आयटीआयची हजेरी पूर्ण आहे, वेल्डिंगच्या परीक्षेत मार्क चांगले आहेत. त्याकडे त्यांचे लक्ष नव्हते. नातवाला म्हणाले, "बाजा कौनसा है तेरे पास?"

"ट्रंपेट. मेरठचा."

"तो नईं बैठेगा. ये कॉर्नेट का है, डंडी पतली है. अंदर तक जाएगा और हिलेगा."

मग त्यांनी सुनेला हाक मारून लग्नाची एक जुनी पत्रिका मागितली. तिचा बोटभर रुंद पट्टा कापला, दांडीला घट्ट दोन वेढे दिले, पोराच्या पिशवीतला ट्रंपेट मांडीवर घेतला आणि पीस बसवून पाहिला. हलला. आणखी अर्धा वेढा दिला. आता बसला. पोराने लगेच हात पुढे केला तर चाचांनी ट्रंपेट मागे ओढला.

"पहले धो. गरम पानी से, साबुन लगा के. फिर कागज नया लगाना, ये गीला हो जाएगा."

आमच्या वहीत ४१ क्रमांकासमोर 'वापरात' असे लिहिले आहे. डब्यातली ती जागा रिकामी ठेवली आहे.